एल्कहाउंडची लव गळायला लागली की आधी विंचरा, मग आंघोळ

नॉर्वेजियन एल्कहाउंड जातीच्या कुत्र्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वर्षातून साधारण २ वेळा आतली लोकरीसारखी लव पुंजक्यांनी गळते आणि घरभर होते. तेव्हा थेट आंघोळ घातली तर तिचे गोळे होतात, ते मग सुटता सुटत नाहीत.

१. घराबाहेर नेऊन, अंग कोरडं असताना लांब दातांच्या स्टीलच्या कंगव्याने विंचरा. मांड्यांची मागची बाजू आणि मानेभोवतीची झालर विसरू नका, सगळ्यात जास्त लव तिथेच दडते.
२. मग कोमट पाण्याने आंघोळ.
३. पूर्ण वाळवून पुन्हा एकदा विंचरा.

उन्हाळा आहे म्हणून केस कापायचं मशीन मात्र फिरवू नका. हाच केसांचा कोट त्याला उन्हापासूनही वाचवतो, आणि एकदा कापला की कधी कधी तो पूर्वीसारखा येत नाही.