चौघं मिळून रानडुकराच्या शिकारीला जाताना

आम्ही चार मित्र गेली बारा वर्षं एकत्र रानडुकराच्या शिकारीला जातो. एवढ्या वर्षांत आमच्यातल्या कुणालाही इजा झाली नाही, याचं श्रेय मी निघण्याच्या आदल्या रात्री आम्ही कागद पसरून बसतो त्या तासाभराला देतो. पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी सगळंच लिहितोय, पण घाईत असाल तर दिशांबद्दलचा भाग तेवढा नक्की वाचा.

आधी परवानगी. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. डुकरांनी पिकाची नासाडी केली तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय त्यांना मारता येत नाही. त्यामुळे हे सगळं जिथे शिकार कायदेशीर आहे तिथल्यांसाठी. तिथेही नियम दर शंभर मैलांवर बदलतात. अमेरिकेत टेक्सासमध्ये 2019 पासून खासगी जमिनीवर मालकाची संमती असली की रानटी डुकरासाठी लायसन्स लागत नाही, आणि कॅन्ससमध्ये मात्र हौसेखातर त्यांची शिकार करायलाच मनाई आहे. शिकारीची सोय व्हावी म्हणून लोक डुकरं नव्या भागात नेऊन सोडतात, हे त्यामागचं कारण. तेव्हा जाल तिथला नियम स्वतः वाचा आणि जमीनमालकाची परवानगी लेखी घ्या. हद्द कुठे संपते ते त्याच्यासोबत चालत जाऊन बघून या.

आता तो कागद, म्हणजेच दिशांचा भाग. त्यावर जागेचा कच्चा नकाशा काढायचा. पाणी, झाडी, वाट, घरं, गुरांचा गोठा, सगळं दाखवायचं. मग प्रत्येकाची बसायची जागा ठरवायची आणि तिथून त्याला कुठून कुठपर्यंत बार टाकता येईल याच्या दोन रेघा ओढायच्या. कुणाच्याही दोन रेघांच्या मध्ये दुसरा माणूस, घर किंवा वाट येता कामा नये. रायफलीची गोळी चुकली तर कित्येक किलोमीटर जाते, म्हणून सावजाच्या मागे मातीचा उंचवटा किंवा उतार हवाच. मचाणावरून खाली झाडलेली गोळी जमिनीत जाते, त्यामुळे शक्य असेल तर उंचावर बसणं बरं. भगवं जॅकेट सगळ्यांनी घालायचं. डुकराला तो रंग आपल्यासारखा उठून दिसत नाही, मित्राला मात्र लांबूनच दिसतो.

आणि जागा सोडायची नाही. आमच्या चौथ्या वर्षी संध्याकाळी एक मोठा नर माझ्यापासून साठेक मीटरवर लव्हाळ्यातून बाहेर आला आणि आडवा उभा राहिला. सेफ्टी काढली, स्कोपमध्ये खांदा दिसत होता. तेवढ्यात त्याच्या मागचं गवत हललं. कळपातलं दुसरं जनावर असेल असं वाटलं, तरी बोट ट्रिगरवर गेलं नाही. गवतातून माझा मित्र वर आला. त्याचा टॉर्च खाली पडला होता, तो शोधायला तो मचाणावरून उतरला होता, आणि जॅकेट वर फांदीला अडकवून ठेवलेलं होतं. डुक्कर पळालं. मी मॅगझिन काढलं, चेंबर रिकामं केलं, आणि त्या दिवशी पुन्हा भरलं नाही. तेव्हापासून आमचा नियम असा की खाली उतरायचं असेल तर आधी वॉकीटॉकीवर सांगायचं, बाकी तिघांनी रायफल रिकामी केल्याचं एकेकाने कळवायचं, मगच पाय खाली ठेवायचा. लघवीला जायचं असलं तरी हेच. दारूची बाटली बंदुका कुलपात गेल्यावरच उघडते, आणि यावर आम्ही चर्चा करत नाही.

माग काढणं हा माझा सगळ्यात आवडता भाग. डुक्कर नाकाने जमीन नांगरल्यासारखी उकरतं. ढेकूळ उचलून बघा. खालची माती ओली आणि तुटलेल्या मुळांची टोकं पांढरी असली तर ते गेल्या रात्रीचं काम. टोकं तपकिरी पडून सुकली असली तर पुढे चला. डुकराला घामाने अंग गार करता येत नाही म्हणून ते चिखलात लोळतं, आणि लोळून झाल्यावर जवळच्या खोडाला अंग घासतं. खोडावरचा चिखल किती उंचीवर आहे त्यावरून जनावर केवढं ते कळतं. एकदा असाच चिखल नखाने खरवडला तर त्यात राठ केस अडकले होते, टोकाशी दुभंगलेले. चिखल अजून बोटाला लागत होता, म्हणजे जनावर फार लांब गेलं नव्हतं.

डुकराची नजर बेताची, कान तिखट, आणि नाक तर विचारूच नका. वारा तुमच्याकडून त्याच्याकडे वाहत असेल तर घरी बसलेलं बरं. लहान बाटलीत टाल्कम पावडर ठेवा आणि दर दहा मिनिटांनी थोडी उडवून बघा. सूर्य कलला की उतारावरची हवा गार होऊन खाली सरकायला लागते, दुपारी जमलेली जागा संध्याकाळी निकामी होते. म्हणून प्रत्येकाला एक पर्यायी जागा आधीच ठरवून द्या, आणि तिच्या रेघाही कागदावर ओढा.

बार टाकण्याबद्दल दोन गोष्टी. पॉइंट 243 किंवा पॉइंट 308 (हा गोळीचा इंचातला व्यास) सारखी रायफल आणि आत शिरून फुटणारी दमदार गोळी घ्या. पॉइंट 22 घेऊन जाऊ नका, जनावराचे हाल होतात. डुकराचं काळीज, म्हणजे हृदय, आपण समजतो त्याहून पुढे आणि खाली असतं. हरणाच्या सवयीने खांद्यामागे लांब बार टाकला तर गोळी पोटात जाते. आडव्या उभ्या जनावराच्या पुढच्या पायाच्या रेषेवर, पोटाच्या कडेपासून एक तृतीयांश उंचीवर नेम धरा. मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली कुर्च्यासारखं जाड कवच असतं, म्हणून तो किंचित पाठमोरा तिरका होईपर्यंत थांबणं चांगलं. मागे पिल्लं असतील तर मादीवर बार टाकायचा नाही, हा आमचा चौघांचा ठराव आहे.

बार लागला तरी धावत सुटू नका. अर्धा तास थांबा, जनावर कुठे उभं होतं आणि कुठे शिरलं ते मनात पक्कं करा. चरबीमुळे जखम बुजते, त्यामुळे रक्ताचा माग बारीकच असतो. फेसाळ गुलाबी रक्त म्हणजे फुप्फुस. काळपट आणि घाण वासाचं असेल तर पोट, मग आणखी काही तास थांबायचं. शोधायला दोघांनीच जायचं, एकाने माग बघायचा आणि दुसऱ्याने समोर. जखमी नर दाट झाडीत दबा धरून बसतो आणि अंगावर येतो. त्याचे खालचे सुळे वरच्यांवर घासून धारदार झालेले असतात आणि घाव मांडीच्या उंचीवर बसतो. पडलेल्या जनावराकडे पाठीच्या बाजूने जा आणि लांब काठीने डोळ्याला स्पर्श करा. पापणी हलली नाही तरच हात लावा.

साफ करताना रबरी हातमोजे घातल्याशिवाय सुरी उचलू नका. रानडुकरांत ब्रुसेलोसिस या माणसालाही होणाऱ्या तापाच्या रोगाचे जंतू असू शकतात आणि ते हातावरच्या बारीक चिरेतूनही शरीरात शिरतात. आतडी न कापता काढा. बर्फाच्या पेटीतलं पाणी वाहून जायला भोक उघडं ठेवा, मांस पाण्यात भिजत राहिलं तर खराब होतं. मोठ्या नराच्या मांसाला उग्र वास येतो, तीस-चाळीस किलोच्या तरुण मादीचं सगळ्यात चांगलं. शिजवताना आतलं तापमान 71 अंश सेल्सिअस झालंच पाहिजे, कारण ट्रिकिनेला नावाचे कृमी मांसात असू शकतात आणि रानटी जनावरांत सापडणाऱ्या या कृमींच्या काही जाती फ्रीझरमध्येही मरत नाहीत. कुत्र्यांना कच्चं मांस किंवा आतडी देऊ नका. डुकरांतला ऑयेस्कीचा रोग माणसाला सहसा होत नाही, पण कुत्रा त्याने दगावतो.

शेवटचं काम बुटांचं. आफ्रिकन स्वाइन फीव्हर माणसाला होत नाही, पण बुटाच्या तळाला लागलेल्या चिखलातून आणि रक्तातून तो पाळीव डुकरांपर्यंत पोचू शकतो. त्यामुळे ज्या जमिनीवर शिकार केली तिथेच ब्रश मारून बूट धुवा, जंतुनाशकात बुडवा आणि पिशवीत बांधूनच गाडीत ठेवा. सुऱ्या, दोर आणि गाडीच्या चटयासुद्धा त्याच वेळी.