पाणी फोडणाऱ्या ऑक्साइडवर पीएचडी करताय? डोपिंगला जरा थांबा

नवी मुंबईत एमएस्सी संपवून या विषयाकडे, म्हणजे प्रकाशाने पाण्यातून हायड्रोजन काढणाऱ्या ऑक्साइडकडे, वळणारे बरेच जण पहिल्याच महिन्यात विचारतात, "डोपिंग कशाचं करू?" (डोपिंग म्हणजे पदार्थात दुसऱ्या मूलद्रव्याचे थोडे अणू मिसळणं.) माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी तोटा कुठे होतोय ते बघा.

१९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश टाकून पाणी फोडून दाखवलं. पण त्याचा बँडगॅप (इलेक्ट्रॉन सुटायला लागणारी किमान ऊर्जा) ३ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वर, म्हणजे उन्हातला जेमतेम ५ टक्के अतिनील भागच कामाचा. म्हणून बहुतेकांच्या वाट्याला हेमॅटाइट हे लोहाचं ऑक्साइड येतं, गंजाचा सख्खा भाऊ. स्वस्त, अल्कलीत टिकणारं, बँडगॅप सुमारे २.१. कागदावर दर चौरस सेंटीमीटरला १२ मिलिअँपिअरहून जास्त प्रवाह मिळायला हवा. पहिल्या फिल्मला १ मिळाला तरी लॅबमध्ये पेढे वाटावेत.

कारण प्रकाशाने सुटलेले होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेल्या धन जागा) दोन-चार नॅनोमीटर सरकतात आणि इलेक्ट्रॉनला भेटून संपतात. प्रकाश नीट शोषायला मात्र शेकडो नॅनोमीटर जाडी लागते. सगळा पेच इथे आहे. नॅनोरॉड (अतिसूक्ष्म उभ्या कांड्या) वाढवायचे ते याचसाठी: उभी लांबी प्रकाशाला, आडवी जाडी होलना.

आता चाचणी. नेहमीच्या सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये प्रवाह मोजा, मग त्यातच थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड घालून पुन्हा मोजा. पेरॉक्साइड पृष्ठभागावर पोचलेले होल झटकन घेतं. त्याने प्रवाह भरपूर वाढला तर अडचण पृष्ठभागावर आहे, तिथे कोबाल्ट फॉस्फेट किंवा निकेल-लोहाचा उत्प्रेरक थर द्या. फारसा वाढला नाही तर होल आतच मरतायत. मग डोपिंगचा विचार करा. एवढं न करता टायटॅनियम, सिलिकॉन, झिर्कोनियम ओळीने घालत बसणं म्हणजे वर्ष वाया.

आणखी एक गंमत. एफटीओ काच (जिच्यावर फिल्म बसवतो ती, फ्लोरिन घातलेल्या टिन ऑक्साइडच्या वाहक थराची) ८०० अंशांच्या आसपास तापवली की तिच्या थरातलं टिन आपोआप हेमॅटाइटमध्ये शिरतं. तुम्ही श्रेय देता स्वतःच्या डोपंटला, काम करून गेलेलं असतं टिन. म्हणून डोपंट नसलेलं सॅम्पलही त्याच भट्टीत, त्याच तापमानाला, तेवढाच वेळ ठेवा.

संदर्भ इलेक्ट्रोडबद्दल (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतो तो) थोडक्यात: सिल्व्हर क्लोराइडचा तीव्र अल्कलीत फार काळ ठेवू नका, मर्क्युरी ऑक्साइडचा घ्या. काचेची वाहक बाजू कुठली हे दरवेळी मल्टिमीटरने तपासा, कितीही अनुभव असला तरी.

आपल्याकडचा पावसाळा हे वेगळंच प्रकरण. हेमॅटाइट बनवायला घेतो ते फेरिक क्लोराइड हवेतलं पाणी ओढतं. ऐरोली-नेरुळच्या जुलैत बाटली उघडून वजन करेपर्यंत हाताशी चिखल. लहान बाटल्या मागवा, डेसिकेटरमधली (रसायनं कोरडी ठेवायच्या बंद भांड्यातली) निळी सिलिका गुलाबी झाली की लगेच वाळवा. तापमान आणि वेळेसोबत त्या दिवशीची आर्द्रताही वहीत लिहा, नाहीतर मे महिन्यातलं सॅम्पल ऑगस्टमध्ये का जमत नाही हे कळणार नाही.

नोकरीचं विचाराल तर स्पष्ट सांगतो: असे इलेक्ट्रोड अजून बाजारात यायचेत. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनचा भर इलेक्ट्रोलायझरवर, म्हणजे विजेने पाणी फोडणाऱ्या यंत्रांवर, आहे. त्यामुळे तिथेही कामी येणारं इम्पीडन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा एकूण विरोध) मोजणं आणि त्याचा अर्थ लावणं पीएचडीतच पक्कं करा. मुलाखतीत हेमॅटाइटपेक्षा त्याबद्दल जास्त विचारतात.