सेप्सिसचा पेशंट आयसीयूत आला की सिस्टरने आधी काय बघायचं

आयसीयूत नवीन लागलेल्या सिस्टर-ब्रदर लोकांसाठी लिहितेय. सेप्सिस (इन्फेक्शनमुळे अवयव बिघडायला लागणं) म्हटलं की सगळे ताप शोधतात, पण म्हाताऱ्या माणसांना बऱ्याचदा ताप नसतोच, उलट अंग गार लागतं. त्यामुळे श्वास मोजा, आणि मॉनिटरवरचा आकडा बघून नाही, छातीकडे बघून पूर्ण एक मिनिट. २२ किंवा जास्त आला, पेशंट असंबद्ध बोलतोय, घरचे म्हणतायत की सकाळी बरे होते, आता ओळखत नाहीत, तर बीपी पडायची वाट बघू नका, डॉक्टरांना लगेच बोलवा.

शॉक (बीपी पडून अवयवांना रक्त कमी पोचणं) असेल तर अँटिबायोटिक तासाच्या आत गेलंच पाहिजे. त्याच्या आधी ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते बघायची तपासणी), दोन वेगळ्या जागांवरून दोन सेट, मोठ्या माणसाला प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली. बाटलीचं रबर स्पिरिटने पुसा आणि त्वचेवरचं क्लोरहेक्सिडीन पूर्ण सुकू द्या, इथे घाई केली की बाटलीत त्वचेवरचेच जंतू वाढतात आणि पुढचे चार दिवस सगळे चुकीच्या रिपोर्टमागे धावतात. पण व्हेनच मिळत नसेल तर कल्चरसाठी अँटिबायोटिक अडवून ठेवू नका! लॅक्टेटही (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढतं ते) त्याच वेळी पाठवा, २ mmol/L च्या वर आलं तर परत करायचंय हे लक्षात ठेवा.

बीपी कमी असेल तर फ्लुइड साधारण किलोला ३० मिली, पहिल्या ३ तासांत, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १८०० मिली. प्रत्येक पिंटनंतर (सलाइनच्या बाटलीनंतर) छाती ऐका, सॅच्युरेशन बघा.

तरी मीन (सरासरी बीपी) ६५ च्या खाली असेल तर नॉरॲड, म्हणजे बीपी वाढवणारं नॉरॲड्रेनलिन. सेंट्रल लाइन (मानेतल्या वगैरे मोठ्या व्हेनमधली नळी) होईपर्यंत थांबायची गरज नाही, कोपराजवळच्या चांगल्या व्हेनमधून थोडा वेळ चालतं, पण ती जागा सारखी बघायची. पांढरी पडली, गार लागली, दुखतंय म्हणाला तर तिथलं थांबवायचं, लाइन फ्लश अजिबात करायची नाही, डॉक्टरांना सांगून लगेच दुसऱ्या व्हेनमधून चालू करायचं, म्हणून दुसरी कॅन्युला आधीच घालून ठेवा. सिरिंज संपत आली की नवीन भरून तयार ठेवा, कारण नॉरॲडचा असर दोन-तीन मिनिटांत उतरतो आणि बीपी धाडकन खाली येतं.

मला स्वतःला सगळ्यात भरवशाचं वाटतं ते बोट. पेशंटच्या बोटाचं टोक १० सेकंद दाबून सोडा, रंग परत यायला ३ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर मीन ६५ दिसत असलं तरी रक्त नीट पोचत नाहीये, तसं डॉक्टरांना सांगा. लघवी दर तासाला मोजा, किलोला अर्धा मिली तरी हवी.

ओव्हर देताना (पुढच्या शिफ्टला पेशंट सोपवताना) अँटिबायोटिकचा पुढचा डोस किती वाजता हे तोंडी सांगा, शिफ्ट बदलताना दुसराच डोस राहून जातो.