जुनी जीप घरी उभी करताना: पत्रे कसे बसवायचे, मीटर कोणते घ्यायचे

इंजिन चालू होतं, गिअर पडतात, ब्रेक लागतो आणि चेसिस घासून रंगवून झाली आहे, असं धरून लिहितो. तेवढं झालं नसेल तर पत्र्याला हात लावू नका. आमच्याकडे बहुतेकांचं उलटं असतं. भंगारातून जीप आली की पहिल्याच आठवड्यात बॉनेट रंगवून तयार, आणि इंजिन मात्र पोळा आला तरी गोठ्यात पोत्याखाली.

अमेरिकेत १९३२ ची फोर्ड घेऊन तिचं छत छाटतात, मोठं इंजिन घालतात, त्याला हॉट रॉड म्हणतात. मोबाईलवर ते पाहून जीपची छाटाछाटी सुरू करणाऱ्यांसाठी एकच सूचना. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसी बुकात लिहिल्यापेक्षा वेगळी गाडी करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. हौस मूळ आकारातच भागवा. चेसिस घासताना नंबरावर ग्राइंडर फिरवणारे महाभागही आहेत, त्यांची गाडी मग शेतातच फिरते.

पत्रा सीआरसी, म्हणजे थंड लाटलेला साधा पोलादी, घ्या. बुडाला १६ गेज, बाजूंना १८. बाजारात २२ गेजचा पातळ पत्रा स्वस्त पडतो, पण त्यावर गुडघा टेकला तरी खड्डा पडतो. छपरावरून उरलेला जीआय पत्रा अजिबात नको. वेल्डिंगला त्यातलं जस्त जळतं आणि तो धूर घेतला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो. बॉनेट आणि मडगार्ड शक्यतो मूळचेच दुरुस्त करा. बॉनेटची ती हलकी गोलाई हातानं काढणारा डेंटर सहसा मिळत नाही. विकतच घ्यायचं असेल तर बॉनेट, ग्रिल आणि काऊल (बॉनेटच्या मागचा, काचेखालचा पत्रा) एकाच जातीचे आहेत ना ते पाहा. लो बॉनेटची ग्रिल हाय बॉनेटच्या गाडीला उंचीत पुरत नाही.

आता फटीचं, म्हणजे दोन पत्र्यांमधल्या मोकळ्या जागेचं. लोक पुट्टीचे डबेच्या डबे इथेच जिरवतात, आणि मलाही सगळ्यात जास्त झुंजवलं ते यानंच.

गाडी जॅकवर किंवा विटांवर असताना एकही पत्रा कायमचा बसवू नका. चेसिस लवते. इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर, बॅटरी जागेवर हवेत, टाकीत थोडं डिझेल हवं, चारही चाकं जमिनीवर, हवा सारखी. अंगण सपाट दिसतं, पण नसतं. गवंड्याकडून पाण्याची नळी मागून आणा, चेसिसच्या चार कोपऱ्यांची पातळी बघा आणि कमी पडेल त्या चाकाखाली फळी सारा. मग पुढून-मागून ओळंबा सोडून जमिनीवर खडूनं खुणा करा आणि दोन्ही कर्ण मोजा. कर्णांत दोन सुतांपेक्षा (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त फरक आला तर चेसिसच वाकलेली आहे. पत्र्याचा विषय तिथंच थांबवा.

चेसिस सरळ निघाली की बॉडी रबरांवर ठेवा. बोल्ट घाला, पण आवळू नका. जीपमध्ये सगळ्याची सुरुवात काऊलपासून होते, कारण बॉनेटची बिजागरी तिथं आहे. काऊल मध्यावर आणि पातळीत आली की मग ग्रिल. तीही सैल. मग बॉनेट ठेवा आणि आधी बॉनेट आणि काऊलमधली फट बघा. डावीकडे एक सूत आणि उजवीकडे तीन सूत असेल तर बॉनेटला हातोडा लावायचा नाही, बिजागरी कापायची नाही. ज्या बाजूला फट जास्त, त्या बाजूची बॉडी मागं कललेली असते. तिच्या मागच्या माउंटखाली (बॉडी चेसिसवर टेकते ती जागा) एक वायसर वाढवा. माउंटवरच्या पातळशा वायसरानंही वर बॉनेटपाशी फट हलते, म्हणून एका वेळी एकच घाला, पुन्हा मोजा. हे काम कंटाळवाणं आहे. पण दुसरा रस्ता नाही.

काऊलची फट जुळली की ग्रिल वर-खाली करून बॉनेटचं नाक जुळवा, तेही खालच्या पॅकिंगनंच. मडगार्ड सगळ्यात शेवटी. मडगार्ड बॉनेटकडे ओढायचं असतं, बॉनेट मडगार्डकडे नाही. आधी मडगार्ड घट्ट करून मग बॉनेट ठोकत बसणारे डेंटर आमच्या तालुक्यात भरपूर आहेत. एकानं तर मला सांगितलं, “भाऊ, पुट्टीत काढून देतो नं, कोणाले काय समजते!” समजतं. डांबरी रस्ता सोडून पांदणीला लागलं की पहिल्याच पावसाळ्यात ती पुट्टी खपली धरून निघते. पुट्टी फार तर दोन मिलिमीटर, आणि तीही पत्रा सरळ झाल्यावर.

फट किती ठेवायची? दीड सूत. गावात एक ज्ञान फार फिरतं, की उन्हाळ्यात लोखंड पसरतं म्हणून फट मोठी ठेवावी. हिशोब करून पाहा. पोलाद दर मीटरला दर अंशाला फक्त ०.०१२ मिलिमीटर वाढतं. पहाटेच्या ३० अंशांवरून पत्रा चंद्रपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात ७० अंशांवर गेला तरी मीटरभर बॉनेट अर्धा मिलिमीटरच वाढतं. फट खाते ती चेसिसची पिळवटणूक. म्हणून खरी परीक्षा अशी: सगळे बोल्ट अर्धे आवळा, गाडी हळूच बांधाकडे न्या आणि एकच पुढचं चाक बांधावर चढवा. खाली उतरून बॉनेटची कड न्याहाळा. एका कोपऱ्यात फट मिटत येते, समोरच्या कोपऱ्यात उघडते. मिटणाऱ्या कोपऱ्यात जाड पुठ्ठा सहज सरकला पाहिजे. नाही सरकला तर तिथला रंग वर्षभरात उडणार आणि गंज तिथूनच सुरू होणार. मग दुसरं चाक चढवून तेच बघा. ही परीक्षा रंग देण्याआधी घ्या. रंग दिल्यावर घेऊन फक्त हळहळ होते.

हे पास झालं की मगच वेल्डिंग. बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा, अल्टरनेटरचा प्लग काढा. डिझेलची टाकी गाडीतून उतरवून लांब ठेवा आणि तिला वेल्डिंग करूच नका, रिकामी असली तरी. आर्कच्या कांडीनं १८ गेज पत्रा जमतो, पण हात बसलेला लागतो. मिग मशीन (तार आणि गॅसवर चालणारं) आणि ०.८ मिलिमीटरची तार असेल तर सोपं. गावात व्होल्टेज पडतं तेव्हा मशीन फक्त थुंकतं. शेतातल्या पंपाच्या मोटारी बंद असतील त्या वेळी काम धरा. आणि कूलर बंद करा. घामानं जीव गेला तरी चालेल. कूलरचा वारा गॅस उडवतो आणि टाक्याला जाळीसारखी भोकं पडतात.

इंच-इंचावर टाके, एक इकडे तर दुसरा पार तिकडच्या टोकाला. हात लावता येईल इतकं गार होऊ द्या. पाणी मारू नका. सलग रेघ ओढली की पत्र्याला पोट येतं आणि ते पोट पुन्हा बसवायला डॉली-हातोड्याचा चांगला माणूस लागतो. सांध्यांना सीलर, आतून रेड ऑक्साईड, बुडाची पाणी जायची भोकं मोकळी. काळी माती मडगार्डच्या आत चिकटली की महिनाभर ओली राहते. पावसाळ्यात दर आठवड्याला आतून पाणी मारा.

मीटरचं थोडक्यात सांगतो, पण मतं पक्की आहेत.

टेंपरेचर मीटर आकड्यांचं घ्या. नुसतं सी आणि एच लिहिलेलं काही सांगत नाही. थर्मोस्टॅट साधारण ८० च्या पुढं उघडतो. काटा शंभराच्या पुढं चढू लागला तर गाडी सावलीत लावा. एक धोका मात्र कुणी सांगत नाही: रेडिएटरचं सगळं पाणी गेलं तर सेंडर (पाण्याची उष्णता मोजून मीटरला कळवणारा भाग) वाफेत लटकतो आणि काटा खाली येतो. काटा अचानक उतरला तर खूश होऊ नका, उतरून बघा.

ऑइल प्रेशरला यांत्रिक मीटर चांगलं, कारण वायरिंगवर विसंबत नाही. पण नळी तांब्याची घ्या, इंजिनजवळ तिला दोन वेटोळे द्या आणि काऊलच्या भोकात रबर घाला. स्वस्त प्लॅस्टिकची नळी घासून फुटते आणि गरम तेल पायावर येतं.

अँपिअर मीटर जुन्या जीपवर शोभून दिसतं म्हणून लावतात. डायनामोच्या काळात ठीक होतं. आता अल्टरनेटर बसवलाय, तर त्याचा सगळा करंट डॅशबोर्डमधल्या त्या दोन नटांतून फिरतो, आणि नट सैल झाला की वायर जळते. व्होल्टमीटर लावा. गाडी बंद असताना १२.६ च्या आसपास, चालू असताना १३.८ ते १४.४.

आरपीएमचं मीटर डिझेलला हवं असेल तर पेट्रोलच्या गाडीचं चालणार नाही, कारण डिझेलला स्पार्कच नाही. अल्टरनेटरच्या डब्ल्यू टर्मिनलवर चालणारं मागा.

डिझेलचा काटा घेण्याआधी टाकीतला फ्लोट खाली आणि वर धरून मल्टिमीटरनं ओहम मोजा. अमेरिकन पद्धतीच्या मीटरला रिकाम्या टाकीला २४० आणि भरलेल्या टाकीला ३३ ओहम लागतात, युरोपियनला १० आणि १८०. जोडी चुकली की भरलेली टाकी रिकामी दिसते. आणि रंगवलेल्या डॅशबोर्डला अर्थिंग मिळत नाही, प्रत्येक मीटरला वेगळी अर्थिंगची वायर द्या.

मूळच्या ६.००-१६ मापाच्या टायरांच्या जागी मोठे टायर घातले असतील तर स्पीडोमीटर कमी दाखवतो, ते चाळीसवर असताना लक्षात ठेवा. पाचशे किलोमीटर झाल्यावर बॉडीचे सगळे बोल्ट एकदा आवळा. रबरं तोवर दबलेली असतात.