वायंगणात टू-फोर-डी फवारताना

व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने वापरलेले एजंट ऑरेंज म्हणजे टू-फोर-डी आणि टू-फोर-फाइव्ह-टी ही तणनाशके निम्मी-निम्मी. टाइप 2 मधुमेह, पार्किन्सन, प्रोस्टेटचा कर्करोग अशा अनेक आजारांचा संबंध अमेरिका आपल्या माजी सैनिकांच्या बाबतीत त्या फवारणीशी मानते. त्यातले डायॉक्सिन हे जहाल विष आले ते टू-फोर-फाइव्ह-टी बनवताना. उरलेला अर्धा भाग, टू-फोर-डी, भातातल्या रुंद पानांच्या तणावर आजही मारतात. दोन्हींना एकच समजून घाबरू नका. पण 2015 मध्ये आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था) टू-फोर-डीला 'कर्करोगकारक असू शकते' अशा गटात घातले आहे, म्हणून ते अंगावर येता कामा नये.

सर्वाधिक धोका फवारताना नाही, बाटलीतले औषध मापताना. नायट्रिलचे (रसायन न शोषणाऱ्या रबराचे) हातमोजे आणि चष्मा तेव्हापासूनच घाला. टू-फोर-डी अमाइन सॉल्ट आणि ईथाइल ईस्टर अशा दोन रूपांत मिळते. अमाइन सॉल्ट डोळ्यांना फार वाईट. कापडी मोजे औषध शोषून कातडीला लावून ठेवतात. पाठीवरचा पंप आधी साध्या पाण्याने तपासा, कारण झाकण गळले की पाठ आणि मांड्या तासन्‌तास ओल्या राहतात.

मात्रा अंदाजाने घेऊ नका. 10 बाय 10 मीटरवर साधे पाणी फवारून किती लागले ते मोजा. 5 लिटर लागले तर हेक्टरी 500 लिटर, म्हणजे 16 लिटरचा पंप 320 चौरस मीटर जातो. लेबलवर हेक्टरी 1 लिटर लिहिले असेल तर पंपाला 32 मिली.

वायंगणात, म्हणजे उन्हाळी भातशेतीत, बांधापलीकडे मिरची, वांगी, अळसाणे (चवळी) असतात. थोडी फवार उडाली तरी त्यांची पाने वळतात. ईथाइल ईस्टरची तर वाफही उडते, म्हणून भाजीजवळ ते नकोच. सकाळीच काम उरका. दुपारी समुद्रावरचा वारा सुटतो. फवारणीआधी पाणी उतरवून तण उघडे करा, पण नंतर खाजनातले (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातले) पाणी लगेच मानशीतून (बांधाच्या झडपेतून) सोडू नका. ईस्टर माशांना घातक आहे.

अंगावर सांडले तर कपडे काढून साबणाने धुवा. डोळ्यांत गेले तर 15 मिनिटे पाण्याची धार. पोटात गेले तर उलटी करवू नका. 108 ला फोन करा आणि बाटली लेबलसकट सोबत न्या. कीटकनाशकाच्या विषबाधेत देतात ते अ‍ॅट्रोपिन इथे उतारा नाही, त्यामुळे डॉक्टरांना नाव कळणे महत्त्वाचे. बाटली पॅराक्वाट या दुसऱ्या तणनाशकाची निघाली तर रुग्ण बरा दिसला तरी घरी थांबू नका. त्यावर उतारा नाही आणि फुप्फुसे काही दिवसांनी बिघडतात.