संगणक चार असोत की एकच मोबाइल: वर्गात इंटरनेटवरून शोधप्रकल्प कसा घ्यावा

आधी प्रश्न ठरवा, यंत्रं नंतर मोजा. ‘मासेमारीची माहिती शोधा’ म्हटलं की मुलं विकिपीडियाचं पान उतरवून काढतात. हर्णै, मिरकरवाडा, मालवण अशा बंदरांजवळच्या सातवी-आठवीला असं विचारा: ‘पावसाळी मासेमारी बंदी किती दिवसांची असावी, हे तुमच्या हातात असतं तर काय ठरवलं असतं? का?’ याचं आयतं उत्तर एकाही पानावर सापडत नाही.

पाच-सहा पानं शिक्षकानेच निवडून द्यावीत. बर्नी डॉज यांनी 1995 मध्ये सॅन दिएगो स्टेट युनिव्हर्सिटीत ‘वेबक्वेस्ट’ ही पद्धत मांडली. तिचा गाभा हाच की मुलांचा वेळ शोधाशोधीत न जाता सापडलेल्या माहितीवर विचार करण्यात जावा. गुगलवर मोकळं सोडलं तर निम्मा तास मराठी टायपिंगमध्येच जातो.

निवडलेली पानं आदल्या दिवशी शाळेच्याच यंत्रावर उघडून बघा. घरच्या वायफायवर उघडलेलं पान शाळेच्या रेंजवर उघडेलच असं नाही. प्रत्येक पान पीडीएफ करून पेन ड्राइव्हवर ठेवा. जुन्या मराठी फॉन्टमधली पानं दुसऱ्या यंत्रावर अगम्य खुणांसारखी दिसतात आणि स्कॅन केलेल्या शासकीय आदेशात शब्द शोधता येत नाही. अशांची प्रिंटच काढा. पावसात लाईट जाणारच, तेव्हा लॅपटॉप रात्री चार्ज केलेले हवेत.

32 मुलं आणि चार संगणक असतील तर चार-चार जणांचे आठ गट करा आणि 70 मिनिटांचा जोडतास मागून घ्या. पहिली 10 मिनिटं प्रश्न समजावण्यात जातील. मग चार गट 25 मिनिटं संगणकावर आणि चार कागदावर, त्यानंतर अदलाबदल. शेवटच्या 10 मिनिटांत सगळ्यांचं ऐकायचं. कागदावरचं काम म्हणजे वेळ काढणं नव्हे. घरच्या किंवा शेजारच्या तांडेलाला (बोटीच्या प्रमुखाला) विचारून आणलेली उत्तरं तिथे मांडायची: बोट किनाऱ्यावर कधी ओढली, अंडी भरलेली मासळी कोणत्या महिन्यात मिळते, बंदीत घर कसं चालतं.

गटात एक माउस धरेल, एक मोठ्याने वाचेल, एक लिहील आणि एक पानावरची तारीख तपासेल. दर सहा मिनिटांनी कामं बदला. नाहीतर ज्याच्या घरी संगणक आहे तोच माउस सोडत नाही आणि मुलींच्या वाट्याला फक्त लिहिणं येतं.

तारीख तपासणाऱ्याचं काम या प्रश्नात सगळ्यात महत्त्वाचं आहे. एका पानावर बंदी 1 जून ते 31 जुलै, म्हणजे 61 दिवस दिसेल. जुन्या पानावर 10 जून ते 15 ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यातलं जे आधी ते. 2020 च्या बातमीत 15 जून ते 31 जुलै, म्हणजे 47 दिवस, कारण त्या वर्षी टाळेबंदीमुळे तारखा बदलल्या होत्या. मुलं विचारतात, ‘बाई, यातलं खरं कुठलं?’ उत्तर सांगू नका. वहीत तीन रकाने आखायला लावा: कोणी लिहिलं, कधी लिहिलं, काय म्हटलं. तिन्ही आपापल्या काळी बरोबर होती, हे त्यातूनच दिसतं. बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना बंदी लागू नाही, हा तपशीलही एखाद्या गटाला नक्की सापडतो आणि वाद रंगतो.

एकच मोबाइल असेल तर पानांच्या दोन-दोन प्रिंट भिंतीवर लावा आणि मोबाइल शिक्षकाकडे ठेवा. प्रत्येक गटाला एकच शोध. शब्द आधी चिठ्ठीवर लिहून द्यायचे, ते शिक्षक सगळ्यांसमोर टाइप करतील. ‘मासे बंदी’पेक्षा ‘पावसाळी मासेमारी बंदी महाराष्ट्र’ असं का लिहावं, हे मुलांना तेव्हाच उमगतं. आमच्या मते चार संगणकांपेक्षा इथे शोधणं जास्त चांगलं शिकून होतं.

पूर्ण लॅब असेल तर अडचण वेगळी. पंधरा यंत्रं एका हॉटस्पॉटवर जोडली की विंडोज अपडेटच सगळा डेटा गिळतं. प्रत्येक यंत्रावर ‘मीटर्ड कनेक्शन’ (डेटा जपून वापरायची विंडोजमधली सेटिंग) चालू करा आणि व्हिडिओ आधीच उतरवून ठेवा.

गुण दहा: कारणांना 4, कुठून घेतलं याच्या नोंदीला 3, बंदरावरून आणलेल्या माहितीला 3. रंगीत स्लाइडला शून्य, आणि हे पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहा.