आइंडहोवनच्या थंडीत सायकल: निघताना थोडं कुडकुडलेलं बरं

नोव्हेंबर लागला की नेदरलँड्समधल्या या शहरात नवीन आलेली मंडळी हमखास विचारतात, भारतातून आणलेलं जाड जॅकेट सायकलवर पुरेल का? पुरेल, पण उकडेल. इथला हिवाळा आकड्यांत भयंकर नाही, बहुतेक दिवस शून्य ते सात अंश. छळतो तो वारा. पारा पाच अंशांवर असताना ताशी २० किलोमीटरचा वारा लागला, तर अंगाला जेमतेम एक अंश असल्यासारखं वाटतं. आणि दहा मिनिटं पेडल मारलं की आतून घाम! शेजारच्या वेल्डहोवन गावातल्या ऑफिसात पोचून जॅकेट काढावं, तर ओला शर्ट पाठीला चिकटलेला. खरी हुडहुडी तेव्हा भरते.

म्हणून अंगाला लागून सुती बनियन नको. सुती कापड घाम धरून ठेवतं. मेरिनो लोकरीचं किंवा पॉलिएस्टरचं थर्मल घ्या. मेरिनो महाग पडतं, पण त्याला लवकर वास येत नाही. त्यावर पातळ फ्लीस किंवा घरचा स्वेटर, आणि सगळ्यात वर वारा अडवणारं हलकं जॅकेट. त्याला पूर्ण लांबीची चेन हवी, म्हणजे उकडलं की सिग्नलला उघडता येतं. दाराबाहेर पडल्यावर पहिली पाच मिनिटं गार वाटलंच पाहिजे. जिन्यातच ऊब वाटली, तर एक थर काढून ठेवा.

पैसे मोकळ्या हाताने खर्चायचेच असतील तर हातमोज्यांवर खर्चा. बोटं बधिर झाली की ब्रेक नीट दाबता येत नाही. हेल्मेट इथे फारसं कोणी घालत नाही, तेव्हा कानटोपी बिनधास्त चढवा. पावसाची पँट मात्र कायम बॅगेत असू द्या, कारण भिजलेली जीन्स दिवसभर वाळत नाही. छत्री विसराच. पोंचोही वाऱ्यात शिडासारखा फुगतो. निघण्याआधी बाउएनराडार हे पावसाचा अंदाज दाखवणारं अ‍ॅप बघा; अनेकदा वीस मिनिटं थांबलं की सर निघून जाते.

ओढणी किंवा लांब मफलर असेल तर जॅकेटच्या आत खोचा. जुनी सायकल घेताना चेनला पूर्ण कव्हर आणि मागच्या चाकाला कपडे अडकू नयेत म्हणून आच्छादन आहे ना, ते पाहून घ्या.

सायकलवर मागे किंवा पुढे लहान मूल बसवणार असाल तर स्वतःवरून अंदाज बांधू नका. तुम्ही पेडल मारून तापता, ते नुसतं बसून वारा खातं. त्याला एक थर जास्त घाला आणि पायमोजे गुडघ्यापर्यंतचे, कारण बसल्यावर पँट वर सरकते. पुढच्या सीटला लावायची पारदर्शक काच मिळते, ती जरूर घ्या.

डिसेंबरात सूर्य सकाळी साडेआठच्या सुमारास उगवतो आणि साडेचारला मावळतो. अंधारात पुढे पांढरा किंवा पिवळा, मागे लाल दिवा सक्तीचा, तोही लुकलुकणारा नको. सुटे दिवे छाती-पाठीवर लावायला परवानगी आहे, पण वरून मफलर किंवा सॅक आली की ते झाकले जातात आणि दंड भरावा लागतो. त्यापेक्षा सायकललाच लावा.